लॉट नंबर सातची वांगी

नानाजींची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी नमस्कार केला नाही, नाव विचारलं नाही, गावही विचारलं नाही. त्यांनी माझ्या शर्टाची कॉलर अंगठा आणि तर्जनीत धरली, एक सुटा धागा ओढून काढला, तो दोन चिमटींत ताणून उजेडात पाहिला आणि म्हणाले, "मिक्स हाय. दुकानदारानं प्युअर कॉटन म्हणून देल्ला असन."

शर्ट माझ्या लग्नातला होता. सासऱ्यांनी घेतलेला. आणि ज्यांची लेक शोभा शेजारी डोक्यावर पितळेचा हंडा घेऊन उभी होती, ते सासरे हा शर्ट देताना 'प्युअर कॉटन' एवढे दोनच शब्द तीनदा बोलले होते. कळंबच्या त्या भाड्याच्या घरात आम्ही त्याच दिवशी सामान उतरवत होतो. पुढले सहा महिने शोभा नानाजींशी बोलली नाही, आणि मी तो शर्ट घातला नाही.

नानाजी म्हणजे आमचे भिंतीपलीकडचे शेजारी. कापूस खरेदी केंद्रावरून निवृत्त झालेले ग्रेडर. ग्रेडरचं काम दिसायला अगदी सोपं. कास्तकाराच्या बंडीत, म्हणजे शेतकऱ्याच्या बैलगाडीत, कोपरापर्यंत हात घालायचा, तळचा एक पुंजका उपसायचा, दोन्ही चिमटींत ओढत ओढत त्याचे तंतू सरळ करायचे, अंगठ्याच्या नखाशी धरून लांबी बघायची. मग एक सरकी दाताखाली फोडायची. कडकन वाजली तर कापूस कोरडा, मऊ लागली तर ओल. आणि शेवटी एकच शब्द बोलायचा. सुपर. एफएक्यू. नाहीतर फरतड. फरतड म्हणजे शेवटच्या वेचणीचा, उरलासुरला, पिवळा पडलेला कापूस. कुणाचं अख्खं साल त्या एका शब्दावर ठरायचं.

नोकरी सुटली, पण चिमूट सुटली नाही. नानाजी दिसेल ते ओढत, दिसेल ते दाताखाली धरत. गूळ, शेंगदाणे, तुरीची डाळ हे समजण्यासारखं आहे. मी शाळेत चित्रकला शिकवतो, एकदा त्यांनी माझ्या हातातला रंगीत खडू घेतला, दाताखाली दाबला, क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "ओल हाय."

माणसांनाही ग्रेड मिळे. गल्लीतल्या एका नव्या जावयाबद्दल, "वरून सुपर दिसते, पन तळात हात घातला का फरतड." मला त्यांनी पहिल्याच महिन्यात 'एफएक्यू' ठरवलं. इंग्रजी अक्षरं आहेत म्हणजे काहीतरी सन्मानाचं असणार, अशा समजुतीने मी शिक्षकांच्या खोलीत ही गोष्ट दोघा-तिघांना सांगितलीही. मग एकाने अर्थ सांगितला. सरासरी. बरा. चालून जाईल.

तर अशा नानाजींनी निवृत्तीनंतर अंगणात पेट्या मांडल्या.

अंगण म्हणजे नुसती फरशी. मातीचा कणही नाही. म्हणून त्यांनी कबाड्याकडून जुन्या बंड्यांच्या सागवानी फळ्या आणल्या. त्या वर्षांत बंड्या बऱ्याच मोडीत निघत होत्या. चार फूट लांब, दोन फूट रुंद अशा पेट्या ठोकून त्यांनी त्या विटांच्या थरांवर कमरेइतक्या उंच बसवल्या, कारण गुडघे वाकत नव्हते. तळाला पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचे तुकडे, वर पालापाचोळा, मग काळी माती, शेणखत आणि चवीपुरती सरकीची ढेप, म्हणजे पेंड. प्रत्येक पेटीवर पांढऱ्या ऑइलपेंटने, कापसाच्या गठाणीवर घालतात तसा आकडा. त्यांना 'पेटी' म्हटलेलं चालत नसे. "लॉट म्हना, मास्तर. लॉट नंबर एक."

सगळं तयार झालं आणि नानाजी भिंतीशी येऊन हळूच म्हणाले, "मास्तर, आता बी कसं टाकाचं?"

मी चमकलो. या माणसाच्या हाताखालून डोंगरांएवढा कापूस गेला होता, पण त्याने जन्मात एक बी मातीत टाकलं नव्हतं!

"तुमी तं कास्तकाराचे पोरगे," ते म्हणाले.

ते खरं होतं. म्हणजे वडील शेतकरी होते आणि मी पोरगा होतो. शेतीशी माझा याहून जास्त संबंध नव्हता. पण या गावात कुणी मला पहिल्यांदाच तज्ज्ञ समजत होतं. मी गळा साफ करून सांगितलं, "आलूपासून सुरुवात करा. जितका खोल पुराल तितका मोठा येतो. अडीच फूट तरी हवा."

त्यांनी माझ्या शब्दाखातर अडीच फूट खोल अशी खास पेटी ठोकली. तीन महिने तिला पाणी घातलं. मग आम्ही दोघांनी ती उकरली, तेव्हा तळाशी एक आलू सापडला. तोच. वयोमानाने खचलेला. नानाजींनी तो हातात घेतला, पण बघत होते माझ्याकडे. म्हणाले, "फरतड."

शेवटी शोभालाच राहवलं नाही. भिंतीवरून तिने पाहिलं की नानाजी मेथीचा एकेक दाणा मोजून, पट्टी लावून टाकताहेत. सहा महिन्यांचा अबोला मोडून ती ओरडली, "बाप्पा, बाप्पा! नानाजी, मेथी का अशी पेरतेत? सरका तिकडे!" आणि पदर खोचून ती त्यांच्या अंगणात शिरली. त्या दिवसापासून बागेची मास्तरीण ती झाली आणि मला पाण्याच्या बादल्या उचलायच्या कामावर ठेवण्यात आलं.

दुसऱ्या वर्षी अंगण असं भरलं की रस्त्याने जाणारे थबकून पाहू लागले. मेथी, पालक, टमाटर, मिरच्या, दोरीवर चढलेल्या चवळीच्या शेंगा आणि आमच्याकडे ज्याला सांबार म्हणतात ती हिरवीगार कोथिंबीर. नानाजी रोज सकाळी गल्लीत भाजी वाटत. पण वाटणीआधी ग्रेड. "सांबार सुपर. पालक एफएक्यू, दोन पानं किडकी हायेत, आधीच सांगून देतो." फुकटच्या भाजीची एवढी प्रामाणिक निंदा मी कुठेच ऐकली नाही. शोभा म्हणे, "भाजी देतेत तं देतेत, सोबत निकाल काहून वाचतेत?"

ती वर्षं कापसाची वाईट होती. आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात येई आणि दर पंधरवड्याला कुठली तरी समिती गाड्या भरून पाहणीला येई. असाच एक ताफा रस्ता चुकून आमच्या गल्लीत शिरला. एका साहेबांनी प्यायला पाणी मागितलं आणि त्यांची नजर पेट्यांवर गेली. ते हरखलेच. "हेच तर उत्तर आहे! कमी जागा, कमी पाणी. शेतकरी कापूस सोडून हे का करत नाहीत?"

नानाजी शांतपणे म्हणाले, "करतीन, साहेब. फक्त ह्या लॉटमंधी बैल कसा वळवाचा, तेवढं लिहून द्या."

साहेबांच्या मागे उभ्या असलेल्या लेखनिकाने तेही लिहून घेतलं.

आता लॉट नंबर सात.

सहा पेट्यांमधली भाजी सगळ्या गल्लीची, पण सातवीतलं एक पानही कुणाला मिळत नसे. तिच्यात फक्त वांगी. छोटी, काटेरी देठाची, जांभळ्यावर पांढऱ्या रेघांची गावरान वांगी. बी त्यांनी मुद्दाम फुलसावंगीच्या बाजारातून आणलेलं. पहिल्या साली रोपं मुळातून सडली. दुसऱ्या साली शेंड्यात अळी शिरली. तिसऱ्या साली मात्र तीन झाडं उभी राहिली आणि त्यांना अकरा वांगी धरली. नानाजी रोज सकाळी त्यांना नुसतं बोट लावून येत, ताप बघावा तसं.

एकदा मी विचारलं, "नानाजी, ही एवढी जपून कुणासाठी?"

"फुलसावंगीले एक बाई हाय," ते म्हणाले. "तिले द्याचे हायेत. तीन साल झाले, जमूनच नाही राह्यलं."

एवढं बोलून ते आत गेले. मी धावत घरी.

"बाई?" शोभाने पोळी तव्यावरच ठेवली.

"बाई."

त्या संध्याकाळपर्यंत ही बातमी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पोचली. कशी पोचली, ते मी सांगणार नाही, कारण ती मीच पोचवली. साठी उलटलेला विधुर माणूस, तीन वर्षांचा ध्यास आणि प्रेमाची भेट म्हणून वांगी! मी तर त्या बाईचं एक काल्पनिक चित्रही काढलं. नाकात नथ वगैरे.

अशात नानाजींना लेकीकडे नागपूरला चार दिवस जावं लागलं. किल्ली आणि झारी माझ्या हाती देत त्यांनी बजावलं, "सगळ्याइले पानी द्या. सहा लॉटमधलं काय लागन ते तोडा. सातव्याले हात लावू नोका. शुक्करवारी येतो अन् तसाच घेऊन जातो."

दुसऱ्याच दिवशी वर्ध्याहून मेव्हणा आला. सहकुटुंब, न कळवता. उन्हाळा तोंडावर, घरात एक कांदा आणि अर्धी काकडी. सहा पेट्यांमधली भाजी मी आदल्याच दिवशी उदार मनाने गल्लीत वाटून टाकलेली. मेव्हणा ओसरीवर बसून म्हणाला, "ताई, बाकी काही करू नको. भरले वांगे कर. तुह्या हातचे."

मी झारी घेऊन पलीकडे गेलो. खरंच पाणी द्यायलाच गेलो होतो. पण सातव्या पेटीपाशी उभा राहिलो आणि मनाशी बोलू लागलो. दोन तोडली तर काय कळणार आहे? दोन तोडल्यावर वाटलं, दोनात चार माणसांचं काय होतं? सहा तोडल्यावर वाटलं, उरलेली पाच पाहून त्यांना गेलेल्या सहांची आठवण येईल, त्यापेक्षा समूळ गेलेली बरी. शिवाय या वयात परक्या बाईकडे वांगी घेऊन जाणं म्हणजे माणसाने हसं करून घेणं. मी त्यांची अब्रूच वाचवत होतो.

वांगी अप्रतिम झाली होती. मेव्हण्याने बोटं चाटली. वांगी कुठून आणली म्हणून शोभाने विचारलं, तेव्हा मी 'बाजारातून' म्हणालो. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

मग माझी झोप उडाली. पण मी चित्रकलेचा शिक्षक आहे, हे मला ऐन वेळी आठवलं. बाजाराच्या दिवशी मी तास बुडवून सगळ्या पाट्या पालथ्या घातल्या आणि तशीच काटेरी, रेघांची अकरा वांगी निवडून आणली. शिलाई मशीनच्या डब्यातला हिरवा दोरा काढला आणि एकेक वांगं देठाला बांधून झाडाला टांगलं. नुसतं टांगलं नाही, रचना साधली. मोठी खाली, लहान वर. एक पानाआड अर्धं लपवलं, चित्रात खोली येते म्हणून. चार पावलं मागे जाऊन, एक डोळा मिटून पाहिलं. निसर्गाला इतकं नीटनेटकं कधी जमलं नसेल.

शुक्रवारी सकाळी नानाजी आले ते कात्री आणि कापडी पिशवी घेऊन सरळ सातव्या पेटीशी. मी भिंतीआडून पाहत होतो. त्यांनी पहिल्या वांग्यावर अंगठा ठेवला. दाबला. दुसऱ्यावर ठेवला. तिसरं वांगं न तोडताच वाकून त्याला गाल लावला. दोऱ्यापर्यंत त्यांची नजर गेलीसुद्धा नव्हती.

"मास्तर," माझ्याकडे न वळता ते म्हणाले, "पाहुने कोन आले होते?"

मी भिंतीआडून बाहेर आलो. सगळं सांगितलं. रचनेचं मात्र सांगितलं नाही.

मला वाटलं, आता ओरडतील. ते बादली पालथी घालून तिच्यावर बसले. पिशवीची घडी घातली, पुन्हा उलगडली. मग बोलू लागले.

"महागावकडच्या केंद्रावर होतो तवाची गोठ. दोन दिवसापासून बंड्याइची लाईन. मी सकाळपासून उपाशी, डोकं भणाणलं होतं. फुलसावंगीचा एक कास्तकार आला, बायको बंडीवर बसून. मी तळात हात घातलाच नाही. वरवरचा पुंजका घेतला, दहिवरानं भिजला होता. म्हणून देल्लं, फरतड. त्या मानसानं पावती घेतली. बायको खाली उतरली, मले वाटलं, आता शिव्या देते. तं तिनं शिदोरी सोडली अन् म्हणे, 'साहेब, सकाळपासून उपाशी दिसता. खाऊन घ्या.' भाकर अन् वांग्याची भाजी. मी खाल्ली, मास्तर. त्याइच्या कापसाले फरतड म्हणून त्याइचीच भाकर खाल्ली."

पिशवी गुंडाळत ते म्हणाले, "संध्याकाळी फरतडच्या गंजीवर गेलतो. त्याइच्या कापसात कोपरापर्यंत हात घातला. सुपर होता. तवा पावती फाटून गेलती, बंडीबी गेलती."

मग एकदा ते फुलसावंगीला जाऊन आले होते. घर शोधलं, लांबून ती बाई दिसली आणि रिकाम्या हाताने समोर जाववेना, म्हणून तसेच परतले. येताना बी घेऊन आले. आपल्या हाताने लावलेलं काहीतरी तिच्या हातात द्यायचं आणि मग तोंड उघडायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

नथीचं चित्र माझ्या टेबलाच्या खणात होतं. मला ते आठवलं.

मी झाडं पिंजून काढली. अगदी खाली, मातीला टेकलेल्या पानाखाली, नानाजींच्या मोजणीतून आणि माझ्या अधाशी हातातून सुटलेलं एक बारावं वांगं होतं. अंगठ्याएवढं.

"हे आहे! चला, नानाजी."

"एवढूसं घेऊन कोन्या तोंडानं जाऊ? पुढच्या साली पाहू."

भिंतीवरून शोभाचा आवाज आला, "पुढच्या सालीबी तुमी हेच म्हनान. आजच जा. अन् ह्याइले संगं घेऊन जा. वांगे ह्याइनं तोडले, मले पहिल्या घासालेच समजलं होतं."

कळंबहून यवतमाळ, तिथून दुसरी एसटी. नानाजी वाटभर ते वांगं रुमालात धरून बसले होते. फुलसावंगीला पोचेपर्यंत दुपार झाली. ज्यांच्यासाठी आलो त्या गिरजाबाई ओसरीवर तुरीची डाळ पाखडत होत्या. त्यांचा म्हातारा, सखारामजी, बाजेवर बसून दोरी वळत होता. नानाजी अंगणात उभे राहिले आणि शाळेत कविता म्हणून दाखवावी तसं सगळं एका दमात बोलून गेले. केंद्र, लाईन, फरतड, भाकर.

सखारामजींनी दोरी बाजूला ठेवली. "कापूस ध्यानात हाय," ते म्हणाले. "तुमी नाही."

"सुपर होता, जी. मी मागून हात घालून पाह्यला."

"मले तवाच मालूम होतं."

गिरजाबाई नानाजींचं तोंड निरखत होत्या. "मलेबी नाही ध्यानात, बापा. भाकर तं मानूस कोनालेबी देते. उन्हात काहून उभे? वर या."

नानाजींनी रुमाल सोडून वांगं पुढे केलं. बाईंनी ते उचललं, देठ पाहिला, नखाने हलकेच टोचलं. तिथे आता ग्रेडर वेगळाच होता.

"कवळं तोडलं," त्या म्हणाल्या. "आठ दिवस ठेवाचं होतं."

"होय, जी."

"अन् बाकीचे?"

नानाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी सखारामजींची दोरी वळायला घेतली.

"तुमी सोता खाता का नाही आपल्या झाडाचं?" बाईंनी विचारलं. "घरी कोन करते?"

"घरी कोनी नाही. मले चहाच्या पल्याड काही येत नाही. खानावळीचा डबा येते."

रोज दुपारी बारा वाजता तो डबा त्यांच्या दाराशी ठेवलेला मी पाहत होतो. मेथी, पालक, टमाटर, शेंगा. सगळी गल्ली दोन वर्षं नानाजींच्या हातचं खात होती. त्यांच्या ताटात यातलं काय पडतं, हे आमच्यापैकी कुणी विचारलं नव्हतं.

"बाप्पा!" गिरजाबाई उठल्या. "चाला, चुलीपाशी बसा. मी नाही करून देत. तुमीच करा, मी सांगते."

गुडघे न वाकणारे नानाजी पाटावर बसले. त्यांनी ते वांगं चिरलं, तेल तापवलं, मोहरी टाकताना हात भाजून घेतला. "हळू! जास्त नोका हालवू, लगदा होते," म्हणून बोलणी खाल्ली. बाजेवरून सखारामजी खदखदा हसत होते. अंगठ्याएवढ्या वांग्याची भाजी ती केवढी होणार! बाईंनी तिच्यात दोन आलू घालून ती चौघांत वाढली. नानाजींनी पहिला घास तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिले.

परतीच्या वाटेवर यवतमाळच्या स्टँडबाहेर ते म्हणाले, "मास्तर, एक मिनिट." आणि समोरच्या भांड्यांच्या दुकानात शिरले. मी मागे गेलो. त्यांना कढई हवी होती.

दुकानदाराने विचारलं, "घरी मानसं किती?"

नानाजींनी एक कढई वाजवून पाहिली. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "दोघाइपुरती द्या. हे मास्तर येत असतात जेवाले."

मी त्यांच्याकडे आजवर एकदाही जेवलो नव्हतो. दुकानदार कढई कागदात बांधत होता. मी म्हणालो, "थोडी मोठी दाखवा. आमची ही पण येते."